वासाच्या खोलीचं कुलूप

मला नोकरी लागली ती माझ्यात काय आहे हे बघून नाही, काय नाही हे बघून. शिक्षण नव्हतं. आठवीत शाळा सुटली आणि मग मी पुन्हा तिच्या वाटेला गेलो नाही. पण न शिकलेली माणसं शेठना हवी तेवढी मिळाली असती. माझ्यातली खास उणीव वेगळी होती. गडचिरोली जिल्ह्यात माझं कोणी नव्हतं. मामा नाही, मावशी नाही, चुलत बहिणीची जाऊ नाही. माझी सगळी माणसं आटपाडीच्या बाजूला, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. पाण्याच्या पाइपांचं काम घेतलेल्या एका ठेकेदाराबरोबर मी इकडे आलो. काम संपायच्या आत ठेकेदारच संपला, म्हणजे गाडी घेऊन निघून गेला, आणि मी पिशवी मांडीवर घेऊन वडसा स्टेशनच्या बाहेर चहा पीत बसलो. पुढे काय, हा विचार मी मुद्दाम करत नव्हतो. तिथे शेठ भेटले.

"काम करशील का?" त्यांनी विचारलं.

"करीन."

"इथी कोणी सोयरं हाय का तुझं?"

"नाही."

"चंद्रपुरात? ब्रह्मपुरीत?"

"कुठंच नाही."

"सासुरवाडी?"

"लग्न नाही झालं."

प्रत्येक 'नाही'ला शेठचा चेहरा उजळत गेला. एखाद्याच्या मुलीला स्थळ सांगून यावं आणि घर, शेती, विहीर सगळं मनासारखं निघावं, तसा. मी गाडीत मागे बसलो. मला वाटलं, देवमाणूस आहे, माझ्या एकटेपणाची दया आली. दया आली होती हे खरंच. जेवण दिलं, राहायला खोली दिली, ताप आला तेव्हा स्वतः दवाखान्यात नेलं. ते उपकार मी आजही मानतो. फक्त एकटेपणाची त्यांना दया नव्हे, गरज होती, एवढं मला नंतर कळलं.

शेठचा अगरबत्तीचा कारखाना. कारखाना म्हणजे धानाच्या बांध्यांच्या मधोमध एक लांब पत्र्याची शेड. आत गावातल्या बाया मशीनवर बांबूच्या काडीला कोळशाचा काळा लेप चढवायच्या. ही कच्ची काडी जाळली तर नुसता धूर होतो, वास नाही. वास नंतर द्यायचा. त्यासाठी शेडच्या टोकाला एक खोली होती, तिला सगळे 'वासाची खोली' म्हणत. माझं काम तिथे.

काम शेठनी मला दार लावून शिकवलं. नागपूरच्या बाजारातून दोन ड्रम येत. एकात चंदन म्हणून विकलं जाणारं तेल, दुसऱ्यात केवडा म्हणून विकलं जाणारं. खऱ्या चंदनाशी त्याचा काही संबंध असेल तर तो मला अजून सापडलेला नाही. हे जास्त घ्यायचं, ते थोडं घ्यायचं, बादलीत लाकडानं ढवळायचं, वरून कापूर चुरायचा. झालं. शेठ म्हणाले, "हे डोक्यात ठेव. आन डोकं कोणाले देऊ नको."

मी घाबरून मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोक्यात कोणीतरी काहीतरी ठेवायला दिलं होतं.

गावातलाच माणूस का ठेवला नाही, हे मला मग उमगलं. त्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाचा कोणीतरी लागतो. सकाळी एकाला सांगितलेली गोष्ट दुपारी त्याच्या साळ्याला कळते, आणि साळ्याचा भाऊ दुसऱ्या अगरबत्तीवाल्याकडे कामाला असतो. मी मात्र स्वच्छ. बोलावं तर कोणाशी? माझी बोलीसुद्धा त्यांना परकी. आटपाडीला पुणेकर आपलं म्हणणार नाहीत, पण इथे मी पहिल्या दिवसापासून 'पुणेवाला' झालो.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. शेडमध्ये विजेचे बोर्ड बरेच, पण कोळशाच्या धुळीनं बाकीचे मेलेले. मशीनचे सोडले तर चालू बटण एकच, ते वासाच्या खोलीत. म्हणून सगळ्या बाया मोबाइल चार्जिंगला लावायला तिथेच यायच्या. यायच्या, फोन खिडकीत ठेवायच्या आणि बॅटरी थोडी भरेपर्यंत ड्रमवर बसून घरच्या गोष्टी बोलायच्या. मी शेजारी ढवळत असे. शेठच्या धंद्याचं गुपित म्हणजे गावातल्या बायांचं बसायचं स्टूल होतं, आणि त्यात कोणालाही काही वावगं वाटत नव्हतं, शेठनासुद्धा.

मग मोहर्लीला एका रिसॉर्टात लहान उद्योजकांसाठी कार्यशाळा झाली. विषय: धंद्यातली गुपितं कशी ओळखावीत आणि कशी जपावीत. सोबत जंगल सफारी होती, त्यामुळे ज्ञानाची ओढ असलेले पुष्कळ लोक जमले. वाघ मात्र कोणाला दिसला नाही. तो बहुधा कार्यशाळा न करताच सगळं शिकला होता.

शेठ परत आले ते मोठ्या डॉक्टरकडून आल्यासारखे. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "आपल्याकडे हाय."

"काय?"

"ट्रेड सीक्रेट."

मी त्यांना आधी खुर्चीवर बसवलं. "कधीपासून?"

"सुरुवातीपासून. आपल्यालेच माहीत नव्हतं."

पाठोपाठ कार्यशाळेतले सल्लागार कारखाना बघायला आले. पांढरे बूट घालून आले, यावरून त्यांनी अगरबत्तीचा कारखाना आधी पाहिला नसावा. पण माणूस हुशार. त्यांनी समजावून सांगितलं ते मला अजून आठवतं. म्हणाले, गुपित ठरायला तीन गोष्टी लागतात. ते बाहेर कोणाला माहीत नसावं. माहीत नसण्यानं तुमचा फायदा होत असावा. आणि ते लपवायला तुम्ही झटत असावं. तिसरी गोष्ट शेठना फार आवडली, कारण तेवढीच त्यांच्या हातात होती. पहिली तपासून बघायचं कोणालाच सुचलं नाही.

"तुमच्या धंद्यात असं काय काय आहे, जे स्पर्धकाला कळलं तर तुमचं नुकसान होईल?" सल्लागारांनी विचारलं.

शेठनी शेडभर नजर फिरवली. "सगळंच," ते म्हणाले.

सल्लागारांना हे उत्तर आवडलं. सगळंच जपायचं म्हटल्यावर त्यांचंही काम वाढणार होतं.

मग झटणं सुरू झालं. वासाच्या खोलीला भलंमोठं कुलूप आलं, त्याची एक चावी शेठकडे आणि एक माझ्या गळ्यात. खिडकीच्या काचा काळ्या रंगवल्या. ड्रमवरची दुकानाची लेबलं गरम पाणी ओतून चमच्यानं खरवडायचं काम मला मिळालं. दिवसाढवळ्या येणारे ड्रम अंधार पडल्यावर, ताडपत्रीखाली झाकून यायला लागले. मी घरी जाताना शर्टाला वास येतो, वासावरून स्पर्धक ओळखेल, म्हणून मला कामाचा शर्ट तिथेच उतरवायला लावला. स्पर्धक तिकडे वडशाला, आणि मी राहायचो शेडच्या मागे. वाटेत फक्त शेठच्या म्हशी लागायच्या. त्यांच्यापासूनही गुपित सुरक्षित झालं. दारावर पाटी आली: 'गोपनीय. प्रवेश बंद.' पाट्या करून आणताना एक जास्तीची आली होती. ती वाया जाऊ नये म्हणून शेठनी संडासाला लावली.

मोबाइल चार्जिंग अर्थातच बंद. बाया दारापर्यंत येत, पाटी बघत आणि माझ्याकडे बघत. तो अपमान त्यांना पाटीपेक्षा मोठ्या अक्षरात दिसला असणार.

आणि मी सही केली. जाडजूड कागद होता, सगळा इंग्रजीत. मी विचारलं, "यात काय लिहिलंय, शेठ?"

शेठनी पानं चाळली. "मलेबी पुरतं नाई समजलं," ते प्रामाणिकपणे म्हणाले, "पण कडक हाय."

कडक आहे म्हटल्यावर मला रात्री झोप लागेना. मी झोपेत बोलतो की काय, ही नवी काळजी मला लागली.

याच सुमारास माझं लग्नाचं निघालं. मुलगी आमच्याच शेडमध्ये मशीनवर काम करायची. खोली उघडी होती तेव्हा दाराशी येऊन विचारायची, "किती टक्के झाला गा, पुणेवाला?" मी टक्के सांगायचो. खरं तर आमचं प्रेम म्हणजे सुरुवातीला नुसती टक्केवारी होती. कुलूप लागल्यावर बोलणं हातपंपावर गेलं, आणि एकदा तिनंच विचारलं, "माझ्या घरी मागनी घालाले कवा येऊन राह्यला?" जातीपातीचं आमच्याआधी म्हाताऱ्यांनी बघून घेतलं. तिचे आजोबा आणि माझे चुलते फोनवर इतका वेळ बोलले, की शेवटी कुठल्यातरी जुन्या पिढीत दोघांचं जुळलंच. जुळवायचं ठरलं की माणसं जुळवतात.

अडचण एकच होती. तिची आई गावातल्या दारूबंदी महिला समितीची अध्यक्ष. नदीपलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी उठली, आमच्या गडचिरोलीत बंदी कायम आहे. सरकार ती कागदावर पाळतं, बाया प्रत्यक्षात. तिची आई नुसती खाकरली तरी गावातले काही पुरुष रस्ता बदलत.

आधी शेठना विचारायला गेलो. खाल्ल्या मिठाला न सांगता लग्न करणं मला जमलं नसतं. शेठ ऐकून खिन्न झाले.

"लग्न कर ना," ते म्हणाले, "माझी काय मनाई हाय? पण तुमच्या तिकडची कर. दूरची कर. दोघंबी इथी परके राह्याल."

"मला हिच्याशी करायचंय."

"अरे, तिच्याशी केलं त तू अर्ध्या गावाचा जावई होते. मंग तुले ठेवून फायदा काय माझा?"

ते रागानं बोलले नाहीत, हिशोबानं बोलले, म्हणून मी जास्त घाबरलो. नोकरी गेली तर मी कुठे जाणार होतो? मी म्हणालो, "मी कोणाला काही सांगणार नाही, शेठ. बायकोलासुद्धा नाही." शेठनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी लग्न म्हणजे काय हे ऐकलंच नव्हतं.

तरी मी मुलीकडे गेलो. ओसरीत सतरंजी, पुढे पोहे. तिचे वडील कमी बोलणारे, सगळं बोलणं आईचं.

"काम काय करता?"

"अगरबत्तीच्या कारखान्यात आहे."

"ते माहीत हाय. कारखान्यात काय करता?"

"वासाच्या खोलीत असतो."

"तेबी माहीत हाय. खोलीत काय करता?"

पोह्याचा घास माझ्या तोंडात तसाच राहिला. समोर तो इंग्रजी कागद दिसायला लागला. "सांगता येत नाही," मी म्हणालो.

"येत नाई, का सांगाचं नाई?"

"सांगता येत नाही, एवढंच सांगता येतं."

तिचे वडील पहिल्यांदा बोलले. "जावई सीआयडीत हाय वाट्टे."

आईला हसू आलं नाही. "पहिले त्या खोलीत बाया मोबाइल लावाले जात होत्या. आता दाराले कुलूप. खिडकी काळी. अंधार पडला का ताडपत्रीखाली डरम येते. पोरगा घरी जातानी आंगावरचा शर्ट बदलून जाते, का कोणाले वास येऊ नये. अन् इचारलं त म्हनते, सांगता येत नाई. आमच्या जिल्ह्यात असा धंदा एकच हाय, बाबू."

आतून ती म्हणाली, "माय, अत्तराचा वास असते तिथी. म्या पाह्यलं ना."

"कुलूप लावल्यावर पाह्यलं का?"



"बाई, दारू नाही, शपथ घेऊन सांगतो," मी म्हणालो.

"मंग काय हाय?"

आई उठली. "ज्या दिवशी सांगता येईन त्या दिवशी या. पोहे खाऊन जा."

मी पोहे खाल्ले. कसे खाल्ले ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी शेठना म्हणालो, "एका माणसाला सांगायची परवानगी द्या."

"कोणाले?"

"सासूला."

शेठनी कपाळाला हात लावला. "त्यापरीस चौकात भोंगा लाव ना." तरी माणूस मनाचा मऊ, माझ्यासमोर सल्लागारांना फोन केला. फोनवरून उत्तर आलं की कामासाठी ज्याला कळणं गरजेचं आहे त्यालाच सांगावं. मी म्हणालो, मुलगी द्यायची म्हणजे सासूला कळायची गरज आहेच की. शेठ म्हणाले, "धंद्याची गरज पाह्यजे, लग्नाची नाई." सल्लागारांनी आणखी एक उपाय सुचवला: माझ्या हालचालींवर लक्ष ठेवावं. लक्ष ठेवायला शेठकडे विश्वासू माणूस एकच होता, मी. म्हणून ते काम माझ्याकडेच आलं.

एकीकडे तोंड उघडलं तर नोकरी जाते, दुसरीकडे नाही उघडलं तर ती जाते. मी सकाळ-संध्याकाळ ढवळत राहिलो. हातपंपावर ती यायची बंद झाली.

मग एका दुपारी मशीनचा आवाज एकेक करून थांबला. मी कुलूप लावून बाहेर आलो. फाटकातून महिला समितीच्या बाया आत येत होत्या, पुढे तिची आई. आमच्या मशीनवरच्या बायाही उठून त्यांच्यात मिसळल्या होत्या, म्हणजे धाड घालणारे आणि ज्यांच्यावर धाड पडली ते कामगार, दोन्ही एकच. तीही होती. माझ्याकडे बघत नव्हती.

"कुलूप खोला," आई म्हणाली.

शेठ दारात आडवे उभे राहिले. "हे नाई होनार, बाई. ही व्यापारी गोपनीयता हाय. याले कायदा हाय."

"दारूलेबी कायदा हाय. पोलीस पाटलाले बलावू का?"

पोलीस म्हटल्यावर शेठचा रंग उतरला. ड्रमवर लेबल नाही, खिडकी काळी, माल अंधारात आणलेला. लपवायची व्यवस्था इतकी चोख झाली होती की आत देवघर निघालं असतं तरी कोणाचा विश्वास बसला नसता. ते माझ्याकडे वळले. "तू सांगतलं काय यांले?"

"नाही, शेठ."

"त्यानं काई सांगतलं नाई म्हनूनच त आलो ना!" मागून एक बाई ओरडली, आणि सगळ्या हसल्या.

सगळ्यांची नजर माझ्या गळ्यातल्या चावीवर आली. शेठ म्हणत होते, खोलू नको. तिची आई म्हणत होती, खोल. मी चावी मुठीत धरून उभा. त्या घडीला मला वडशाच्या स्टेशनबाहेरचं बाकडं आठवलं, आणि हेही दिसलं की ती आता माझ्याकडे बघते आहे. मी काय केलं असतं ते मला आजही ठाऊक नाही. ठरवायची वेळच आली नाही. शेठनीच हात टेकले.

"खोल बाबा, खोल. पोलीस नको."

दार उघडलं. आणि मग जे झालं ते त्या इंग्रजी कागदात कुठेच लिहिलेलं नसणार. कोणी एक शब्द विचारायच्या आत शेठ स्वतःच सांगायला लागले. "हे पाहा, हे चंदन. हा केवडा. नागपुराहून येते. हे जास्त टाकाचं, हे कमी, वरून कापूर. बस्स. दारूचा थेंब नाई, माझ्या पोराची शपथ." किती जास्त, किती कमी, तेही सांगितलं. दुकान कुठल्या गल्लीत आहे, तेही सांगितलं. मी इतके महिने जिवापाड जपलेलं सगळं त्यांनी एका दमात रिकामं केलं, आणि वर बादलीत बोट बुडवून वास घ्यायला लावला.

एका म्हाताऱ्या बाईनं वास घेतला. "येवढंच?"

"हे त आमाले पहिलेच माहीत होतं," मशीनवरची एक बाई म्हणाली. "मोबाइल लावाले येत होतो तवा का डोळे मिटून बसत होतो? पुणेवाला तर आमच्या समोरच कापूर चुरत होता."

शेठचा आवाज बारीक झाला. "माहीत होतं? मंग कोणाले सांगतलं?"

"कोणाले सांगाचं? कोन इचारते?"

शेठ ड्रमवर बसले. बाया बसायच्या तसेच.

ती आईला म्हणाली, "म्या म्हनत होती ना, वासच हाय. तू आयकतेस कुठी."

आईनं मला विचारलं, "गाव तुमाले दारूवाला म्हनून राह्यलं, तरी तोंड उघडलं नाई. काऊन?"

"सही केली होती."

"कशावर?"

"कागदावर. इंग्रजी होता."

"वाचला होता?"

"नाही."

आई बायांकडे वळली. "न वाचता सही करते, अन् केली का मरेवरी पाळते. असा पोरगा चांगला का बेकार, मलेच समजून नाई राह्यलं."

बाया गेल्या, जाताना आपापले मोबाइल चार्जिंगला लावून गेल्या.

पुढचे दिवस वाईट होते. शेठ कोणाशी बोलेनात. सल्लागारांना फोन झाला. त्यांनी निदान केलं की गुपित आता गुपित राहिलेलं नाही, त्यामुळे त्याचं संरक्षण करता येणार नाही. हे कळायला आम्हाला सल्लागार लागला. माझी झोप पुन्हा उडाली. मला ठेवलं होतं गुपितासाठी, आणि गुपित तर उरलंच नव्हतं. एका सकाळी शेठनी बोलावलं.

"ही खोली आता कोनीबी सांभाळन," ते म्हणाले.

"हो, शेठ."

"माझा भाचा रिकामाच हाय."

"हो, शेठ."

"हो काय हो? काई म्हनशील का नाई?"

"तुमचे उपकार आहेत माझ्यावर. मी काय म्हणणार?"

शेठ चिडले. उपकार मानणाऱ्या माणसाला काढून टाकणं अवघड जातं, आणि मी उपकार मानणं सोडतही नव्हतो. "पाहू," ते म्हणाले. नोकरी जायच्या आधी हाच शब्द येतो, एवढं मला ठेकेदारांकडे शिकायला मिळालं होतं.

त्यातच मुलीकडून निरोप आला. कुंकू लावून लग्न ठरवायला हरकत नाही, पण मुलाकडून कोणीतरी वडीलधारं माणूस पाहिजे. माझी आई फोनवर असेल, मी कळवलं. उत्तर आलं, फोनवरची माय चालेल, पण सतरंजीवर बसायला माणूस लागते. चुलत्यांना इतक्या लांबचा प्रवास झेपणार नव्हता. मी खूप विचार केला आणि शेठसमोर उभा राहिलो.

"शेठ, इथं माझं कोणी नाही."

"तेच पाहून त आनलं होतं तुले."

"आता एक माणूस लागतंय. माझ्याकडून बसायला."

शेठनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "काय करा लागते?"

"नुसतं बसायचं. आणि विचारतील ते सांगायचं."

दुसरं ऐकून ते जरा दचकले.

पण आले. पांढरा कडक शर्ट, कपाळाला गंध, हातात पेढ्यांचा डबा. सतरंजीवर बसले तेव्हा त्यांच्या भोवती सगळ्या त्यांच्याच कारखान्यातल्या बाया होत्या, फक्त आज त्या कामगार नव्हत्या, मुलीकडच्या होत्या. आणि शेठ आज शेठ नव्हते, इवाई झाले होते, म्हणजे व्याही. ज्याला कोणी सोयरं नाही असा माणूस शोधून आणणारे शेठ एका दुपारी सगळ्या वस्तीचे सोयरे झाले.

"इवाई, चहात साखर किती टाकू?" एक बाई म्हणाली. "का तेबी गोपनीय हाय?"

शेठ हसले. कसनुसं, पण हसले.

देवापुढे अगरबत्ती लागली होती. शेठनी नाक वर केलं. एकदा, दोनदा. "हे आपली नाई वाट्टे?"

"दुसऱ्या कंपनीची हाय," तिची आई म्हणाली. "तुमची आमी दिवसभर हुंगतोच ना. देवाले तरी बदल पाह्यजे."

शेठ पुढचा सगळा वेळ डोळे बारीक करून वास घेत राहिले. यात काय काय असावं, हे ते ओळखत होते.

माझ्या आईचा फोन स्पीकरवर लावून उशीवर ठेवला. मग रीतीप्रमाणे तिच्या वडिलांनी घसा साफ केला आणि मुलाकडच्या माणसाला विचारलं, "पोरगा काय काम करते?"

घरभर बायांनी पदर तोंडाला लावले. मी खाली बघत होतो. माझी नोकरी त्या घडीला आहे का गेली आहे, हे मला माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं तो माझ्या शेजारी बसला होता.

शेठ ताठ झाले. "माझ्या कारखान्यात वासाचं सगळं काम तोच करते," ते म्हणाले. "दुसऱ्या कोनाच्या हातात म्या ते देत नाई. देनारबी नाई."

"भाच्याच्याबी नाई?" तिच्या आईनं विचारलं. हे तिला कोणी सांगितलं, ते विचारण्यात अर्थ नव्हता.

"नाई."

"लिहून द्या."

"इंग्रजीत?"

"मराठीत. अन् वाचून दाखवा."

कागद आणायला कोणीतरी उठलं, घरात कोरा कागद सापडेना. शेवटी तिचे वडील म्हणाले, राहू द्या, तोंडानंच सांगा, पण दाराबाहेरच्यांना आयकू जाईन असं सांगा. शेठनी तेच पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. बाहेर उभ्या असलेल्यांनी ऐकलं, उशीवरच्या फोनमधून माझ्या आईनं "काय म्हनाले रं?" असं विचारलं, तेव्हा तिच्यासाठी तिसऱ्यांदा सांगितलं. मग आतून कुंकवाचं ताट आलं.